भोवऱ्याशेजारचे एक इंच

केस कापून झाले की न्हावी हातात छोटा आरसा घेतो आणि आपल्या डोक्यामागे धरतो. समोरच्या आरशात आपले मागचे डोके दिसते. एरवी ते साऱ्या जगाला दिसत असते. आपल्याला मात्र महिन्या-दीड महिन्यातून एकदाच. पंचविशीतल्या पुष्कळ तरुणांच्या पोटात गोळा येतो तो नेमका या क्षणी. टाळूच्या मागे, भोवऱ्यापाशी, कातडी दिसत असते. मग तेले, चूर्णे, जाहिराती आणि उसनवारी यांचे चक्र सुरू होते. भेटायला येणारे माजी विद्यार्थी या विषयावर खालच्या आवाजात बोलतात, हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले असेल.

शिक्षकाला हे दृश्य रोजचेच असते. बाकांच्या रांगांमधून फिरताना पन्नास-साठ भोवरे आपल्या नजरेखालून जातात. कुणाचा उजवीकडे सरकलेला, कुणाचा अगदी मध्यावर. एखाद्याला दोन असतात आणि 'याची दोन लग्ने होणार' म्हणून वर्ग त्याला चिडवतो. हा भोवरा येतो कुठून? पुढे अनेक पुरुषांचे टक्कल त्याच्याच आसपास का सुरू होते? आणि त्यावर आजवर माणसाने काय काय केले? हा इतिहास पाहिला तर केसांपेक्षाही एक वेगळी गोष्ट हाती लागते: खरा उपाय आणि खोटा उपाय यांत फरक कसा करायचा, ही.

भोवरा असतोच का?

केस कातडीतून सरळ उभा उगवत नाही, तिरका उगवतो. कपाळाजवळचे केस पुढे झुकलेले असतात, कानांजवळचे खाली आणि मानेवरचेही खाली. म्हणजे डोक्याच्या साऱ्या कडेने केसांचा रोख बाहेरच्या दिशेने असतो. आता फळ्यावर एक मोठे वर्तुळ काढा. परिघावर सगळीकडे बाहेर तोंड केलेले बाण काढा आणि मुलांना सांगा, की आतली जागाही बाणांनी भरायची. अट एवढीच, की शेजारशेजारच्या बाणांच्या दिशा जवळजवळ सारख्या हव्यात. मुले कितीही खटपट करोत, आत कुठेतरी एक तरी बिंदू असा उरतोच, की तिथे बाण कोणत्या दिशेने काढावा हे ठरत नाही. डच गणिती ब्राउवर याने १९१२ मध्ये सिद्ध केलेले, केसाळ गोल चापून विंचरता येत नाही असे सांगणारे प्रमेय याच कुळातले. डोक्यावरचा तो बिंदू म्हणजे भोवरा. दोन भोवरे असले, तर त्यांच्यामध्ये केस समोरासमोर येऊन दोन बाजूंना फाकतात अशी एक जागाही असावी लागते. दोन भोवऱ्यांच्या मुलाच्या डोक्यावर ती शोधून पाहावी.

भोवरा असणारच, हे गणित सांगते. तो कधी ठरतो, हे सांगितले वैद्यकाने. डेव्हिड स्मिथ आणि बोनिटा गाँग या अमेरिकन संशोधकांनी १९७४ मध्ये दाखवले, की गर्भाच्या साधारण दहाव्या ते सोळाव्या आठवड्यात डोक्यावरचे केस कातडीत खाली उतरत असतात. त्याच काळात मेंदू झपाट्याने वाढतो, वरची कातडी ताणली जाते आणि त्या ताणाबरोबर केसांना तिरकेपणा येतो. ज्या बालकांच्या मेंदूची वाढ फार लवकर खुंटलेली असते, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या डोक्यावर नेहमीसारखा भोवरा आढळत नाही. पुढे २००४ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत 'फ्रिझल्ड-६' नावाचे एक जनुक काढून टाकल्यावर केसांची दिशा बिघडते आणि भलत्या जागी भोवरे उमटतात असे दिसले. म्हणजे ताणाबरोबर जनुकांचाही यात हात आहे.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत भोवऱ्याला रोमावर्त म्हटले आहे. डोक्याच्या आतले 'अधिपती' नावाचे मर्म कुठे आहे, हे ओळखण्याची बाहेरची खूण म्हणून त्याचा उल्लेख येतो.

एक गोष्ट येथेच लक्षात ठेवावी. भोवऱ्यापाशी केस चहूकडे फाकलेले असल्याने तिथली कातडी निरोगी डोक्यावरही थोडी दिसतेच. न्हाव्याच्या आरशात दिसलेले प्रत्येक 'टक्कल' हे टक्कल नसते.

चरबी, टोपी आणि पोकळी

टकलावरच्या उपायांचा लेखी इतिहास साडेतीन हजार वर्षांचा आहे. इजिप्तमधल्या एबर्स पपायरसमध्ये (इ. स. पूर्व १५५० च्या सुमारास) सिंह, पाणघोडा, मगर, मांजर, साप आणि रानबोकड यांची चरबी एकत्र करून लावण्याचा उपाय दिला आहे. रोमन चरित्रकार सुएटोनियस लिहितो, की जूलियस सीझर टाळूवरचे विरळ केस पुढे विंचरून घेत असे आणि त्याला मिळालेल्या मानांपैकी नेहमी पर्णमुकुट घालण्याचा मान त्याला विशेष आवडत असे.

कारणे शोधण्याचे प्रयत्नही तितकेच जुने. सुश्रुतसंहितेतला विचार असा, की पित्त आणि वात केसांच्या मुळाशी जाऊन केस पाडतात, मग कफ आणि रक्त ती छिद्रे बुजवतात आणि नवा केस येत नाही. ग्रीकांमध्ये हिपॉक्रेटिसच्या नावावरच्या सूत्रांत एक साधे निरीक्षण नोंदलेले आहे: षंढ केलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही. ॲरिस्टॉटलनेही लिहून ठेवले, की मुले, स्त्रिया आणि षंढ यांना टक्कल पडत नाही. किल्ली हाताशी होती. पण ती कोणत्या कुलपाची हे कळायला दोन हजारांवर वर्षे जावी लागली.

मधल्या काळात तर्क पुष्कळ झाले. १८९७ मध्ये पॅरिसचे त्वचारोगतज्ज्ञ साबूरो यांनी टकलाचे खापर तेलकट कातडीतल्या एका जंतूवर फोडले. दुसऱ्या काहींच्या मते घट्ट टोपीने रक्तवाहिन्या दबतात आणि टाळूचे रक्त तुटते. या रक्ताच्या तर्कावर तर कारखाने उभे राहिले. १९३६ मध्ये अमेरिकेतल्या क्रॉस्ली कंपनीने 'झेरव्हॅक' नावाचे यंत्र विकायला काढले. डोक्यावर टोप घालायचा आणि त्यातली हवा आळीपाळीने ओढून व दाबून टाळूकडे रक्त खेचायचे. कल्पना ऐकायला पटण्यासारखी आहे. मुळाशी रक्त कमी, म्हणून केस कमी. रोपाला पाणी कमी पडले की ते वाळते, तसेच. पण पटण्यासारखे असणे आणि खरे असणे यांतले अंतर कुणीतरी मोजायला हवे होते.

हॅमिल्टनची मोजणी

अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन याने १९४२ मध्ये तो जुना ग्रीक धागा हातात घेतला. वृषणे काढलेल्या किंवा वृषणांची वाढच न झालेल्या पुरुषांची त्याने पद्धतशीर पाहणी केली. वयात येण्यापूर्वीच ज्यांची वृषणे गेली होती, त्यांना नेहमीचे टक्कल पडलेले नव्हते. अशांना टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक दिल्यावर ज्यांच्या घराण्यात टक्कल होते त्यांचे केस जाऊ लागले. इतरांचे गेले नाहीत. संप्रेरक बंद केले की गळती थांबे, पण गेलेले केस परत येत नसत. निष्कर्ष स्वच्छ होता. पुरुषी संप्रेरक, आनुवंशिक कल आणि वय या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच टक्कल पडते.

या ज्ञानामागची एक बाजू विसरू नये. त्या काळी अमेरिकेच्या काही राज्यांत मनोदुर्बल म्हणून संस्थांमध्ये ठेवलेल्या माणसांची वृषणे काढली जात. कॅन्ससमधल्या अशाच एका संस्थेतल्या माणसांच्या आयुर्मानाचा अभ्यास हॅमिल्टनने १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. संप्रेरकांबद्दल आपण आज जे सहजपणे शिकवतो, त्यातला काही भाग ज्यांना कुणी संमती विचारली नाही अशा माणसांच्या शरीरांवरून आलेला आहे.

हॅमिल्टनने १९५१ मध्ये टकलाच्या नमुन्यांची वर्गवारीही केली. ओटार नॉरवूड याने १००० पुरुष पाहून १९७५ मध्ये ती सुधारली. कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकतात, भोवऱ्याच्या जागी एक चकती विरळ होते, मग दोन्ही जागा एकमेकींना मिळतात आणि अखेरीस कानामागून कानामागे जाणारी केसांची झालर उरते, असा हा सात पायऱ्यांचा क्रम. डॉक्टर आजही तो वापरतात.

बियाणे की जमीन?

पण संप्रेरक तर रक्तातून साऱ्या शरीरात फिरते. मग झालर का टिकते? एखादा शेतकरी विचारेल तोच प्रश्न येथे विचारायला हवा: दोष जमिनीचा की बियाण्याचा?

न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेन्ट्राइक यांनी १९५० च्या दशकात तो प्रयोगाने सोडवला. त्यांनी कातडीचे छोटे गोल तुकडे काढून जागा बदलून लावले. मागच्या झालरीतला केसाळ तुकडा टकलावर आणि टकलाचा तुकडा झालरीत. टाळूवर लावलेल्या झालरीच्या तुकड्यातून केस उगवत राहिले. झालरीत लावलेला टकलाचा तुकडा टकलाच राहिला. १९५९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जपानचे ओकुदा यांनी केसांचे असे रोपण १९३९ मध्येच वर्णिले होते, पण युद्धाच्या धामधुमीत ते जपानबाहेर फारसे कुणाला कळले नाही.

या एका अदलाबदलीने टोपीचा आणि रक्ताचा तर्क निकालात निघाला. त्याच टाळूवर, तेच रक्त पिऊन, मागचा केस जोमाने वाढतो. म्हणजे जमीन ठीक आहे. फरक बियाण्यात आहे. केस ज्या खळगीतून उगवतो त्या रोमकूपात तो केस कोणत्या जागेचा, याची जणू नोंद असते आणि जागा बदलली तरी ती नोंद पुसत नाही. झेरव्हॅकपासून आजच्या 'रक्ताभिसरण वाढवून केस आणणाऱ्या' मालिशीपर्यंत सगळ्यांची परीक्षा घ्यायला हा प्रयोग पुरेसा आहे.

दोन अनपेक्षित पाहुणे

यानंतरचे दोन्ही खरे उपाय केस शोधताना सापडलेले नाहीत.

पहिला मिनॉक्सिडिल. अमेरिकेतल्या अपजॉन कंपनीचे हे औषध रक्तदाबासाठी होते. ते घेणाऱ्या रुग्णांच्या चेहऱ्यावर, हातांवर केस वाढू लागले. बायकांना तर दाढी येऊ लागली. रक्तदाबाच्या डॉक्टरांच्या दृष्टीने हा त्रासदायक दुष्परिणाम होता. कोलोरॅडो विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ गुंटर कान आणि त्यांचे सहकारी पॉल ग्रँट यांनी १९७१ च्या सुमारास त्याच्याकडे उलट्या बाजूने पाहिले आणि औषध वरून लावून पाहिले. त्यानंतर शोध कुणाचा यावरून कंपनीशी दीर्घ वाद झाला. अखेर १९८६ च्या पेटंटवर कान यांचे नाव आले. १९७९ मध्ये रक्तदाबासाठी गोळी म्हणून आणि ऑगस्ट १९८८ मध्ये टकलासाठी २ टक्के द्रावण म्हणून अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. कंपनीला द्रावणाचे नाव 'रिगेन', म्हणजे परत मिळवणे, असे ठेवायचे होते. प्रशासनाला त्यात फाजील आश्वासन दिसले आणि अमेरिकेत ते 'रोगेन' झाले.

दुसरी गोष्ट डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या सालिनास या खेड्यातली. तिथल्या काही घराण्यांत अशी मुले जन्मत, की जन्मतः ती मुली वाटत आणि तशीच वाढवली जात. वयात येताना मात्र त्यांचे शरीर पुरुषाचे होई. ज्युलियान इम्पेराटो-मॅकगिन्ली यांनी १९७४ मध्ये याचे कारण दाखवले. टेस्टोस्टेरॉनचे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या अधिक प्रबळ संप्रेरकात रूपांतर करणारे विकर त्यांच्यात कमी होते. पुढे असे दिसले, की या पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राहते आणि त्यांना टक्कल पडत नाही. मर्क कंपनीच्या रॉय व्हॅजेलॉस यांनी हे वाचले आणि विचार केला, की औषधाने हेच विकर अडवले तर? त्यातून फिनास्टेराइड आले. १९९२ मध्ये ५ मिलिग्रॅमची गोळी प्रोस्टेटच्या वाढीसाठी आणि डिसेंबर १९९७ मध्ये १ मिलिग्रॅमची टकलासाठी मान्य झाली. टाळूवरचे रोमकूप या संप्रेरकापुढे वर्षागणिक लहान होत जातात, केसाचा वाढीचा काळ आखडतो आणि जाड केसाच्या जागी लव उरते, हे चित्र आता जुळले.

एक इंच

औषध खरेच काम करते, हे ठरवायचे कसे? 'मला फरक वाटतो' हे मोजमाप नव्हे. फिनास्टेराइडच्या चाचणीत १८ ते ४१ वर्षांचे १५५३ पुरुष होते. सर्वांचे केस भोवऱ्यापाशी विरळ झालेले. प्रत्येकाच्या विरळ चकतीच्या पुढच्या कडेला गोंदणाचा एक ठिपका काढला. त्याभोवती एक इंच व्यासाचे वर्तुळ धरून आतले केस आखूड कापले, फोटो काढले आणि एकेक केस मोजला. काहींना औषधाची गोळी, काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली. कुणाला कोणती, हे ना रुग्णाला ठाऊक ना डॉक्टरला.

सुरुवातीला वर्तुळात सरासरी ८७६ केस होते. एका वर्षाने औषधाचा गट दुसऱ्या गटापेक्षा १०७ केसांनी पुढे होता आणि दोन वर्षांनी १३८ केसांनी. या फरकाचा काही भाग नवे केस आल्याचा आणि काही भाग दुसऱ्या गटाचे केस गळतच राहिल्याचा आहे. दुसरा गट नसता तर 'गळायचे थांबले' हा परिणाम दिसलाच नसता. औषध थांबवले की मिळालेला लाभ साधारण वर्षभरात निघून जातो. मिनॉक्सिडिलच्या द्रावणाची परीक्षाही अशीच भोवऱ्याच्या जागी झाली. म्हणूनच त्याच्या वेष्टनावर टाळूच्या मागच्या भागासाठी असे लिहिलेले असे. कपाळाच्या कोपऱ्यांसाठी नव्हे.

किंमत केवळ पैशांची नाही. फिनास्टेराइडने काही पुरुषांच्या लैंगिक इच्छेवर आणि क्षमतेवर परिणाम होतो. औषध सोडल्यावरही तो टिकल्याच्या तक्रारी आहेत. २०२२ मध्ये अमेरिकेत आत्महत्येच्या विचारांचा उल्लेख त्याच्या माहितीपत्रकात घालायला लावला गेला आणि २०२५ मध्ये युरोपीय औषध संस्थेने हा दुष्परिणाम असल्याचे मान्य केले. गरोदर स्त्रीने या गोळीचा चुरा हाताळू नये असे सांगतात, त्याचे कारण सालिनासच्या मुलांच्या हकिकतीतच आहे. ही गोळी मित्राच्या सांगण्यावरून घेण्याची नाही.

रोपणाची शस्त्रक्रिया तेव्हापासून फार सुधारली. केस एकेकटा नव्हे, तर एक ते चारच्या झुबक्यात उगवतो, हे हेडिंग्टन यांनी १९८४ मध्ये दाखवल्यावर मोठ्या गोल तुकड्यांऐवजी हे झुबके लावले जाऊ लागले. तरीही भोवऱ्याची जागा कठीणच. तिथे प्रत्येक केसाचा कल वेगळा. चक्राकार वळण साधले नाही तर लावलेले केस उपरे दिसतात. शिवाय कमी वयात तिथे रोपण केले आणि भोवतालचे मूळचे केस पुढे गळत गेले, तर मध्ये केसांचे बेट आणि भोवती टकलाचे कडे असे दृश्य तयार होते. झालरीतले बियाणेही मोजकेच असते. म्हणून जाणते शल्यविशारद विशीतल्या मुलाला थांबायला सांगतात.

वर्गात

भारताच्या १९४५ च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांना 'जे' नावाची एक अनुसूची जोडलेली आहे. त्यातले रोग टाळण्याचा किंवा बरे करण्याचा दावा कोणत्याही औषधाला करता येत नाही. त्या यादीत टक्कल आहे. जाहिराती 'केसांना पोषण', 'मुळांना बळ' असे शब्द सांभाळून का वापरतात, हे यावरून मुलांना समजावता येईल. एखादी जाहिरात वर्गात आणावी आणि तीन प्रश्न विचारावेत: मोजले काय? तुलना कुणाशी केली? थांबवल्यावर काय झाले?

मोजण्याची सवय लावायला भोवराच उत्तम. अमेरिकेत काम करणारे भारतीय वंशाचे जनुकशास्त्रज्ञ अमर क्लार यांनी विमानतळांवर, बाजारांत लोकांची डोकी मागून न्याहाळली आणि २००३ मध्ये लिहिले, की सर्वसाधारण लोकांपैकी ८.४ टक्क्यांचाच भोवरा घड्याळाच्या उलट दिशेने असतो, डावखुऱ्यांमध्ये मात्र जवळजवळ निम्म्यांचा. नंतरच्या काही अभ्यासांत डावखुरेपणाशी असा संबंध आढळला नाही. हा वाद मुलांना आपल्या शाळेत तपासून पाहता येईल. चाळीसच्या वर्गात उलटे भोवरे तीन-चारच निघतील. म्हणून साऱ्या शाळेची मोजणी हवी. दिशा पाहणाऱ्याला समोरचा डावखुरा आहे की नाही, हे आधी सांगू नये. असे का, हे मुलांनाच विचारावे.

मोजणीत दोन भोवऱ्यांची मुलेही सापडतील. त्यांच्या दोन भोवऱ्यांमधली केस फाकणारी ती तिसरी जागा सगळ्या वर्गाला दाखवावी. लग्नांचा विषय मागे पडायला तेवढे पुरते.